नामान्तीचा दीर्घ स्वर

कन्येच्या नामकरणात अंत्य स्वराचा विचार फार प्राचीन आहे. पारस्कर गृह्यसूत्राने मुलीचे नाव विषम अक्षरांचे व आकारान्त असावे असे सांगितले, तर मनुस्मृतीने ते सुखोच्चार्य, मंगल आणि दीर्घवर्णान्त असावे अशी आज्ञा केली. नाणेघाटातील नागनिका आणि नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्री या सातवाहन राज्ञींपासून पेशव्यांच्या घराण्यातील गोपिका, रमा, आनंदी यांच्यापर्यंत तो दीर्घ स्वर टिकून राहिलेला दिसतो. पेशवाईच्या दप्तरांत मात्र या नावांना आदरार्थी ‘बाई’ जोडले जाई, आणि मग नाव आकारान्त असो वा ईकारान्त, कागदोपत्री ते एकाच ध्वनीवर विसावे. त्याहून मोठा, आणि माझ्या मते अन्याय्य, फेरफार विवाहात होई: सासरचे नवे नाव तांदळांत लिहिले जाताच माहेरी विचारपूर्वक निवडलेला स्वर मुलीला न विचारता पुसला जाई.