थायमसची गाठ : आधी शस्त्रक्रिया, मग उत्तर

१/ इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ साली एका स्त्रीची हकिकत नोंदवली. ती सकाळी मोकळेपणाने बोले. मात्र बराच वेळ बोलल्यावर तिची वाचाच बंद पडे आणि तास-दोन तासांनी परत येई.

२/ १८९५ मध्ये फ्रीडरिख योली यांनी या आजाराला ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ हे नाव दिले. पापण्या झुकतात, घास गिळवत नाही, श्वासाचे स्नायू थकले तर मृत्यू ओढवतो. शवविच्छेदनात मेंदू मात्र निरोगी दिसे.

३/ १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या कार्ल वायगर्ट यांना अशाच एका मृत रुग्णाच्या छातीत थायमस ग्रंथीची गाठ आढळली. उरोस्थीमागची ही ग्रंथी वयानुसार झिजते. तिचे कार्य तेव्हा कोणासही ठाऊक नव्हते.

४/ १९३४ मध्ये ग्रिनिचच्या डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मीन टोचून पाहिले. रुग्णांची शक्ती परतली, पण काही तासांपुरतीच.

५/ १९३६ च्या मे महिन्यात नॅशव्हिल येथे आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका तरुणीची थायमसची गाठ काढली आणि तिची प्रकृती सुधारली. या यशाच्या बळावर १९४१ पासून त्यांनी गाठ नसलेल्या रुग्णांचीही ग्रंथी काढण्यास आरंभ केला.

६/ येथे इतिहासाने वेगळेच वळण घेतले. लंडनचे शल्यविशारद जेफ्री केन्स यांना दिसले, की गाठ नसलेले रुग्ण अधिक सुधारतात आणि गाठ असलेल्यांना लाभ कमी होतो. ज्यांच्या गाठीने वाट दाखवली, त्यांच्याच पदरी कमी पडले! अर्थात, गाठ पसरू शकत असल्याने ती काढणे आजही आवश्यक मानतात.

७/ कारण उमगण्यास आणखी काळ गेला. १९६० मध्ये जॉन सिम्प्सन यांनी तर्क मांडला, की शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वतःच्या स्नायूंवर उलटते. १९७३ मध्ये विद्युत-ईल माशापासून मिळवलेले एक प्रथिन सशांना टोचले गेले. मज्जातंतूचा संदेश स्नायूंमध्ये हेच प्रथिन स्वीकारते. सशांच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवली आणि ससे लुळे पडले. तर्काला आधार मिळाला.

८/ गाठ नसलेल्या रुग्णांना या शस्त्रक्रियेचा खरोखर लाभ होतो, याचा भक्कम पुरावा १२६ रुग्णांच्या चाचणीतून २०१६ मध्ये आला. ब्लेलॉक यांच्या त्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा ८० वर्षे झाली होती.