नाव ठाऊक नसलेल्या पूर्वजांची नोंद

मालवण तालुक्यातील आमच्या घराण्याची वंशावळ नव्याने लिहावयास घेतली, तेव्हा खरी अडचण खापरपणजीपाशी आली. घरच्या वहीत तिच्या जागी 'लक्ष्मी' असे नाव आहे. पण ते वीसेक वर्षांपूर्वी आम्हीच, रिकामी चौकट बरी दिसत नाही म्हणून, अंदाजाने भरले होते. पुढच्या प्रतींत ते तसेच उतरले, आणि एका चुलत घराने आपल्या नातीचे नावही त्यावरूनच ठेवले.

'नाव माहीत नाही' या एका शब्दप्रयोगाखाली निरनिराळ्या गोष्टी दडतात. कुणाचे नाव होते, पण सांगणारे गेले. कुणाचे कागदावर आहे, पण मोडी लागत नाही किंवा नेमकी तीच ओळ वाळवीने खाल्ली आहे. आणि बाराव्या दिवसाच्या बारशाआधी जे मूल गेले, त्याला नावच नव्हते. वहीत मात्र तिन्हींसाठी एकच कोरी जागा. युरोपातील वंशावळकार अशा ठिकाणी 'एन. एन.' लिहितात, 'नोमेन नेस्किओ', म्हणजे 'नाव ठाऊक नाही', या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे. आपल्याकडे याहून जुनी तोड आहे. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांची नावे उच्चारावी लागतात. ती ठाऊक नसतील तर अनुक्रमे पृथिवीषद्, अंतरिक्षसद् आणि दिविषद् म्हणावे, असे शास्त्र सांगते. पृथ्वीवर, अंतरिक्षात आणि द्युलोकात बसलेले. गोत्र आठवत नसेल तर काश्यप. येथे अज्ञान लपवलेले नाही. या शब्दांना कुणी पणजाचे खरे नाव समजणार नाही. आमच्या 'लक्ष्मी'चा दोष नेमका हा, की ती खरी वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत गुंता वाढतो, कारण नाव सापडले तरी ते बहुधा सासरचे असते. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना आणि रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. त्या प्रसिद्ध झाल्या म्हणून आपल्याला दोन्ही नावे कळतात. आमच्या घरातल्या किती यमुना बोहल्यावरच राहिल्या, कोण जाणे! जुन्या कागदांत पुष्कळदा पुरुषाच्या नावामागे 'बिन' घालून बापाचे नाव येते आणि स्त्रीच्या नावामागे 'कोम' घालून नवऱ्याचे. बाईचे स्वतःचे नाव निदान तिथे असते, पण अशा कागदात ती सहसा येते ती वैधव्यानंतर: वारसाची नोंद, पोटगीचा तंटा, दत्तकपत्र. म्हणजे सुखाने नांदलेली बाई कागदाला अपरिचित राहिली. आईचे नाव शासकीय कागदपत्रांत बापाच्या नावाआधी लावण्याची सक्ती महाराष्ट्रात झाली ती १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी. आमच्या खापरपणजीला त्याचा काय उपयोग?

तोंडी परंपरेचा आधार घ्यावा, तर गावच्या गाऱ्हाण्यात मूळपुरुष येतो, पूर्वस येतो, 'होय महाराजा' होते. पण नावे येत नाहीत. बायकांना आमच्याकडे माहेरगावावरून हाक मारीत: आचरेकरीण, वेंगुर्लेकरीण. आमच्या एका वृद्ध आत्याला खापरपणजी 'आचरेकरीण' म्हणूनच आठवते, आणि तेही तिने आपल्या आजीकडून ऐकलेले. नाव नाही, पण एक गाव आहे. शोधाला एवढेही पुरते: आचऱ्यात कुणाच्या घरात 'मालवणला दिलेली' म्हणून एखादी मुलगी आठवणीत असेल, तर तिथून काही हाती लागण्याची आशा आहे. 'लक्ष्मी' या नावावरून तसा शोध सुरूच झाला नसता, कारण हे नाव दर घरात एकदा तरी आहे.

एक संपादकी शंका उरते. चूक पुसून टाकावी की दाखवून ठेवावी? पुसली तर जुन्या प्रती पाहणाऱ्याला नवी वहीच चुकलेली वाटेल. म्हणून आम्ही नोंद अशी केली आहे: 'नाव ठाऊक नाही. माहेर आचरे, आत्याच्या सांगण्यावरून. पूर्वीच्या प्रतींतील "लक्ष्मी" हे नाव अंदाजाने घातलेले, आधार नाही.' शेजारी नोंदीची तारीख घातली आणि सांगणारीचे नाते लिहिले. बारशाआधी गेलेल्या दोन मुलांपुढे 'नाव ठेवलेले नव्हते' असे लिहिले. त्यांना 'अज्ञात' म्हणणे आम्हाला पटेना.

चुलत घराला प्रत पाठवायची आहे. त्यांची लक्ष्मी आता कॉलेजात जाते, आणि आपले नाव खापरपणजीचे आहे हे ती अभिमानाने सांगते. पाकीट अजून आमच्याच टेबलावर आहे.