ग्रेटफुल डेड : ध्वनिफितींवर जगलेला बँड

‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन रॉक बँडने १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत सुमारे २,३०० मैफली केल्या. या साऱ्या कारकिर्दीत त्यांचे एकच गाणे अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले, आणि तेही बाविसाव्या वर्षी. तरीही नव्वदच्या दशकाच्या आरंभी मैफलींच्या तिकीटविक्रीत हा बँड देशात अग्रभागी होता. रेकॉर्ड विकून नव्हे, तर गावोगाव वाजवून उभा राहिलेला रॉक बँड अशी त्याची खरी ओळख होय.

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो परिसरात १९६५ मध्ये ‘वॉरलॉक्स’ या नावाने बँडची सुरुवात झाली. जेरी गार्सिया आणि बॉब वीर (गिटार), फिल लेश (बेस), रॉन ‘पिगपेन’ मॅकर्नन (ऑर्गन व हार्मोनिका) आणि बिल क्रॉइट्झमन (ड्रम) हे मूळचे पाच जण. त्याच वर्षाच्या अखेरीस नवे नाव घेण्यात आले. ते गार्सियाला एका शब्दकोशात सापडले होते. कर्जापायी अंत्यसंस्कार अडलेल्या परक्या माणसाचे देणे एक वाटसरू फेडतो आणि पुढे तो मृतात्मा उपकाराची फेड करतो, अशी एक जुनी लोककथा आहे. ‘कृतज्ञ मृत’ हे नाव त्या कथाप्रकाराचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी वस्तीतील हिप्पी चळवळीशी आणि एलएसडीच्या प्रयोगांशी बँडचे नाव कायमचे जोडले गेले. त्या बदनामीत त्यांची सांगीतिक तयारी मात्र झाकोळली. गार्सिया लोकसंगीत आणि बँजोवादनातून आलेला, तर लेशने ट्रम्पेट व संगीतरचनेचे शिक्षण घेतलेले होते.

कोणत्या रात्री कोणती गाणी होणार, हे श्रोत्यांना ठाऊक नसे. एकच गाणे एका मैफलीत सहा मिनिटांत संपे, तर दुसरीकडे अर्धा तास फुलत राही. आपल्याकडील रागाच्या बढतीची आठवण व्हावी असा हा प्रकार. तुलना ढोबळ असली, तरी भारतीय संगीताशी बँडचा प्रत्यक्ष संबंध होता. १९६७ मध्ये दुसरा ड्रमवादक म्हणून आलेला मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँ यांच्या तालविचाराने भारावलेला होता. ‘लाइव्ह/डेड’ (१९६९) या अल्बममध्ये अकरा मात्रांची एक रचनाच आहे. पुढे हार्टने मुंबईकर उस्ताद झाकीर हुसेन यांच्यासह ‘डिगा’ (१९७६) हा अल्बम केला. या दोघांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला जागतिक संगीताचे ग्रॅमीही मिळाले.

व्यवहारात बँड अनेकदा बुडाला. हार्टचे वडील व्यवस्थापक असताना त्यांनी मोठ्या रकमेचा अपहार केला आणि त्या शरमेने १९७१ मध्ये हार्टने काही वर्षांसाठी बँड सोडला. १९७४ मध्ये ध्वनितंत्रज्ञ आउस्ली स्टॅन्ली यांच्या कल्पनेतून ‘वॉल ऑफ साउंड’ ही अवाढव्य ध्वनियंत्रणा उभी राहिली. सुमारे सहाशे स्पीकर, वजन पंचाहत्तर टनांच्या घरात. वादकांच्या पाठीमागेच स्पीकरची भिंत असल्याने श्रोत्यांना ऐकू येई तेच वादकांनाही ऐकू येई. आवाज अप्रतिम, पण वाहतुकीचा खर्च असह्य. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँडने दौरे थांबवले आणि १९७६ मध्ये ही भिंत मागे ठेवूनच पुनरागमन केले.

या बँडचा सर्वांत दूरगामी निर्णय ध्वनिमुद्रणाचा. चाहते मैफली चोरून ध्वनिमुद्रित करीत आणि कॅसेटींची टपालाने देवाणघेवाण करीत. इतर बँड अशांना बाहेर काढत असताना ‘डेड’ने १९८४ मध्ये मायक्रोफोन आणणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. अट एकच, फिती विकायच्या नाहीत. फुकट फिरणाऱ्या या फितींनीच पुढच्या पिढीचे श्रोते घडवले. २००५ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवरील ध्वनिमुद्रणे उतरवून घेण्यावर बंदी आली, तेव्हा चाहत्यांच्या संतापापुढे बँडला काही दिवसांतच नमते घ्यावे लागले.

यशाची किंमतही जबर होती. १९८६ मध्ये मधुमेहामुळे बेशुद्धावस्थेत गेलेला गार्सिया सावरला आणि १९८७ मध्ये ‘टच ऑफ ग्रे’ हे गाणे गाजले. त्यानंतर तिकीट नसलेल्यांचे लोंढे मैदानांबाहेर जमू लागले. जुलै १९९५ मध्ये इंडियाना राज्यातील डियर क्रीक येथे जमावाने कुंपण पाडले आणि दुसऱ्या दिवसाची मैफल रद्द करावी लागली. मॅकर्नन (१९७३) आणि ब्रेंट मिडलंड (१९९०) हे कीबोर्डवादक व्यसनांपायी आधीच गेले होते. ९ ऑगस्ट १९९५ रोजी व्यसनमुक्ती केंद्रात हृदयविकाराने गार्सियाचेही निधन झाले. तो ५३ वर्षांचा होता. त्याच वर्षी बँड विसर्जित झाला. एप्रिल १९९६ मध्ये वीर आणि गार्सियाच्या पत्नीने त्याच्या अस्थींचा काही भाग ऋषिकेश येथे गंगेत विसर्जित केला.

उरलेले सहकारी निरनिराळ्या नावांनी वाजवत राहिले. त्यांपैकी २०१५ मध्ये स्थापन झालेल्या ‘डेड अँड कंपनी’ने ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत साठाव्या वर्षानिमित्त तीन मैफली केल्या. लेशचे ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी झाकीर हुसेन यांचे निधन झाले होते.

कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७ ची मैफल चाहते सर्वोत्तम मानतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिचे ध्वनिमुद्रण राष्ट्रीय ठेव्यात समाविष्ट केले आहे. ते करणाऱ्या तंत्रज्ञ बेटी कॅन्टर-जॅक्सन यांच्या फिती १९८६ मध्ये गोदामाचे भाडे थकल्याने लिलावात विकल्या गेल्या. बँडने त्या मैफलीचा अधिकृत अल्बम २०१७ मध्ये काढला. तोवर चाळीस वर्षे ती कॅसेटींच्या प्रतींवरून ऐकली जात होती.