हिरव्या बनातीवरील डावपेच

नागभीडहून गोंदियाकडे जाणारा लोहमार्ग पुढे सातपुडा ओलांडून जबलपुरास पोहोचतो. झाडीपट्टीतील प्रवाशास जबलपूर म्हटले की नर्मदा आणि संगमरवराचे कडे आठवतात. परंतु आज जगभर खेळल्या जाणाऱ्या स्नूकरचा जन्म याच शहरी १८७५ साली झाला, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असेल.

त्या वर्षी तेथील पलटणीत नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण अधिकारी होता. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत. पावसाळ्यात अधिकाऱ्यांचा पुष्कळसा वेळ मेसमधील बिलियर्डच्या टेबलाभोवती जाई. ‘पूल’ या नावाचे पैजेचे खेळ तेव्हा रूढ होते. चेंबरलेन व त्याच्या सोबत्यांनी पंधरा तांबड्या चेंडूंच्या जुन्या डावात रंगीत चेंडूंची भर घातली. एकदा एकाचा सोपा चेंडू हुकला, तेव्हा चेंबरलेनने त्यास ‘स्नूकर’ म्हणून हिणवले. वूलिचच्या सैनिकी विद्यालयातील नवख्या विद्यार्थ्यांचे ते टोपणनाव होते. लगेच त्यास बरे वाटावे म्हणून, या खेळात आपण सारेच स्नूकर आहोत, अशी पुस्तीही त्याने जोडली. खेळास तेच नाव चिकटले. १८८२ साली उटकमंड येथे त्याचे नियम मांडले गेले.

थट्टेतून निघालेल्या या नावात खेळाचे मर्म आले आहे. येथे मुरलेला खेळाडूही क्षणात नवखा ठरतो. चेंडू पॉकेटात घालणे हा कौशल्याचा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा म्हणजे घावानंतर पांढरा चेंडू कोठे थांबेल याचा विचार. कॅरम खेळणाऱ्या घरांत हे सहज समजेल: सोंगटी गेली, पण पुढच्या सोंगटीची वाट बंद झाली, तर त्या घावाने काय साधले? म्हणून जाणता खेळाडू तीन घाव पुढचे पाहून पहिला घाव निवडतो. गुण मिळण्याची आशा थोडी व चुकल्यास हानी मोठी असेल, तर तो गुणांचा मोह सोडून पांढरा चेंडू इतर चेंडूंच्या आड ठेवतो. त्यास भित्रेपणा म्हणणे चूक आहे. बलाढ्य शत्रूस सोयीचे मैदान न देणे हे गनिमी काव्याचेही तत्त्व होते.

दुसरी कसोटी खुर्चीवर होते. प्रतिपक्षी खेळत असता या खेळात काहीच करता येत नाही. स्वस्थ बसून पाहावे लागते. १९७८ च्या राष्ट्रीय बिलियर्ड स्पर्धेत मुंबईचे मायकेल फरेरा यांनी एकाच डावात ११४९ गुण केले. तेवढा वेळ समोरच्याने केवळ बसावयाचे! अशा वेळी मागील चुकीचा पश्चात्ताप करणारा पुढची संधीही गमावतो. संधी आली की उभे राहूनच निश्चय करावा, आणि टेबलावर वाकल्यावर शंका आली तर पुन्हा उभे राहावे. शंकित मनाने मारलेला घाव क्वचितच साधतो.

या स्थैर्याचे उत्तम उदाहरण विल्सन जोन्स यांचे. १९२२ साली पुण्यात जन्मलेल्या जोन्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात नोकरी केली, व १९५० साली राष्ट्रीय बिलियर्ड अजिंक्यपद मिळविले. पुढे १९६६ पर्यंत ते त्यांनी एकूण बारा वेळा जिंकले. परंतु जागतिक विजयाने त्यांस पुष्कळ वाट पाहावयास लावली. १९५१ साली लंडनच्या व १९५२ साली कलकत्त्याच्या स्पर्धेत यश अन्यांकडे गेले. देशात अजिंक्य आणि बाहेर अपयशी, हा डाग खेळाडूच्या मनास पोखरणारा असतो. जोन्स यांनी क्यू खाली ठेवला नाही. १९५८ साली त्याच कलकत्त्यात ते हौशी बिलियर्डपटूंचे जगज्जेते झाले. कोणत्याही खेळात स्वतंत्र भारताचा तो पहिला वैयक्तिक जगज्जेता. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी हाच मान पुन्हा मिळविला.

हात कितीही तयार असला तरी हिरव्या बनातीवरील चेंडू मनाचा कंप तत्काळ उघड करतात. १९५२ आणि १९५८ यांमधील सहा वर्षे जोन्स यांनी जो धीर धरला, त्याची नोंद गुणफलकावर होत नाही. पण विजयाचा पाया त्याच वर्षांत घातला गेला होता.