घरजावयाचा कारखाना

इतिहास म्हटला की आम्हां मास्तरमंडळींना गड, लढाया आणि तहनामे आठवतात. या दिवाळीत मात्र मला सांगायचा आहे तो डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कणाचा इतिहास. सांगणारा मॅट्रिकपुढे गेलेला नाही. तेव्हा शास्त्रज्ञ वाचकांनी सांभाळून घ्यावे.

१८९० साल मोठे मौजेचे. त्या वर्षी रिखार्ड आल्टमान या जर्मन पंडिताने पेशीतल्या दाण्यांवर ग्रंथ काढला. हे दाणे म्हणजे पेशीत राहणारे जीवच, असे त्याचे म्हणणे. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. (आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या तंतुकणिका त्या ह्याच.) त्याच वर्षी बेरिंग व किटासाटो यांनी बर्लिनला दाखवले की, धनुर्वाताला न जुमानणाऱ्या सशाचे रक्त टोचले तर उंदीरही त्या विषातून वाचतो. त्या रक्तात होती प्रतिपिंडे.

या दोन वाटा एकत्र यायला बराच काळ लागला. १९६७ मध्ये ओब्रायन आणि काल्फ यांनी उंदराच्या यकृतातील तंतुकणिकांतून प्रथिने घडवणारे रायबोसोम वेगळे काढले. म्हणजे या कणाचा कारखाना स्वतःचा! पण १९८१ मध्ये केंब्रिजला माणसाच्या तंतुकणिकेची १६,५६९ अक्षरांची पोथी पुरती वाचली गेली, तेव्हा तीत अवघ्या १३ प्रथिनांच्या कृती निघाल्या. रायबोसोमच्या प्रथिनाची एकही नाही. तिथली सुमारे ८० प्रथिने पेशीच्या केंद्रकातल्या आज्ञेवरून बाहेर घडतात आणि मग आत जातात. कारखाना घरजावयाचा, कारागीर सारे सासऱ्याच्या पदरचे!

या गर्दीत नेमका एक कारागीर ओळखायचा कसा? तेथे प्रतिपिंड कामाला येते. पेशीतली प्रथिने विजेच्या ओढीने लहानमोठी अशी वेगळी करतात, पातळ पडद्यावर उतरवतात आणि वर प्रतिपिंड सोडतात; ते आपल्या प्रथिनाला जाऊन चिकटते. १९७५ मध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे मिळवण्याची युक्ती काढली. तिचे पेटंट काही निघाले नाही. १९८४ साली नोबेल मात्र मिळाले.

तरी प्रतिपिंडाच्या शब्दावर डोळे मिटून विसंबता येत नाही. वर्गात ‘जोशी’ म्हणून हाक मारावी आणि तिघे उभे राहावेत, तसे कधी होते. म्हणून त्या प्रथिनाचे जनुकच बंद पाडलेल्या पेशी घेऊन पाहतात. तिथेही पट्टा उमटला तर साक्षीदार खोटा.

ही काटेकोरी कशासाठी? २००४ मध्ये, जन्मताच रक्तात आम्ल साचून दगावलेल्या एका अर्भकाची हकीकत प्रसिद्ध झाली. याच रायबोसोमच्या एका प्रथिनाच्या कृतीत एक अक्षर बदलले होते, आणि प्रथिन अर्ध्यावरच तुटत होते. आता असे चुकलेले अक्षर पोथीत लवकर सापडते. पण ते खरोखरच घातक आहे की निरुपद्रवी, हे ठरवताना त्या मुलाच्या पेशींत प्रथिन आहे की नाही ते पाहावे लागते. आणि ते सांगतो तो पडद्यावरचा पट्टा.