मुंबईचे सरोवरी शेल व खनिज तेल

मुंबईचे सरोवरी शेल : मुंबई बेट व साष्टी यांमधील दक्षिण ट्रॅपच्या लाव्हाथरांच्या मधोमध सापडणारे, उथळ व बहुतांशी गोड्या पाण्यात साचलेले गाळाचे थर. हे अंतरा-ट्रॅपी थरांपैकी असून मलबार हिल, वरळी व अंधेरी–जोगेश्वरी भागातील आंबोली येथे ते आढळले आहेत. त्यांत शेलाबरोबर ज्वालामुखी राखेचाही मोठा वाटा असून जाडी स्थलपरत्वे बदलते.

इतिहास : या थरांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम गेले ते जीवाश्मांमुळे. जी. टी. क्लार्क यांनी पाठविलेल्या नमुन्यांवरून रिचर्ड ओएन यांनी १८४७ मध्ये एका लहान बेडकाचे वर्णन केले. १८५२ मध्ये हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबई बेटाचे भूविज्ञान मांडून येथील कासवाचा जीवाश्म नोंदविला. जी. के. नोबल यांनी १९३० मध्ये या बेडकासाठी इंडोबॅट्राकस ही प्रजाती स्थापिली. आंबोलीच्या खाणीतील परागांच्या अभ्यासावरून (२००५) तेथील थर डॅनियन काळातील, म्हणजे सु. ६.६ ते ६.१६ कोटी वर्षांपूर्वीचे, ठरविण्यात आले.

तेलक्षमतेची कसोटी : शेल काळा असला म्हणजे तो तेल देईलच असे नाही. सरोवराच्या तळाशी ऑक्सिजन नसल्यास शैवलांचे अवशेष कुजत नाहीत. त्यांपासून केरोजेन हा हायड्रोजनसमृद्ध कार्बनी पदार्थ बनतो. तो सु. ६०° ते १२०° से. तापमानात दीर्घकाळ राहिला, तर त्याचे तेल होते. म्हणून कार्बनाचे प्रमाण, केरोजेनाचा प्रकार, पक्वता, जाडी व विस्तार या पाचही गोष्टी मोजाव्या लागतात. पहिल्या तीन गोष्टींसाठी नमुना नियंत्रित रीतीने तापवून बाहेर पडणारी हायड्रोकार्बने मोजतात. ही पद्धत १९७० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये विकसित झाली. अपक्व शेल ‘तैल शेल’ होय. तो खणून सु. ५००° से.पर्यंत तापवावा लागतो. पक्व शेलात तेल तयारच असते.

अमेरिकेतील ग्रीन रिव्हर व चीनमधील डाचिंग तेलक्षेत्राचे उगमखडक हे सरोवरी शेलच आहेत. राजस्थानातील बाडमेर खोऱ्यात २००४ मध्ये सापडलेल्या मंगला क्षेत्राचे तेलही सरोवरी शेलांपासून आले आहे. तेथे खचत जाणाऱ्या खोलगट द्रोणीत जाड थर साचून खोल गाडले गेले. मुंबईत मात्र दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या अवकाशात उथळ सरोवरे टिकली. पुढच्या लाव्ह्याची उष्णता स्पर्शालगतच्या भागापुरती व अल्पकाळच राहिली.

मर्यादा समजण्यासाठी एक काल्पनिक गणित करता येईल. १० चौ. किमी. क्षेत्रात १० मी. जाडीचा समृद्ध थर धरला व घनता २.४ मानली, तर २४ कोटी टन खडक होतो. दर टनास ४० लि. तेल मिळाल्यास सु. ६ कोटी पिंपे तेल निघेल, दररोज सु. ५० लाख पिंपे वापरणाऱ्या भारताला ते १२ दिवस पुरेल. त्यासाठी दाट वस्तीखालचा सर्व खडक उपसावा लागेल.

मुंबईला तेल मिळाले ते समुद्रात. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’वरून केलेल्या वेधनात मुंबई हायचा शोध लागला व मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील तेलाचा मुख्य उगम ट्रॅपवर साचलेल्या पन्ना शैलसमूहाच्या शेलांत मानला जातो. जमिनीवरील शेलांची संपत्ती वेगळी आहे : ट्रॅपचे उद्गिरण चालू असताना येथील जीवसृष्टी कशी टिकून राहिली, याची नोंद त्यांत आहे. वाढत्या वस्तीखाली त्यांचे अनेक उघडे भाग झाकले गेले असल्याने उरलेल्यांचे जतन करणे हेच त्यांच्या मूल्यमापनाचे खरे फलित ठरते.