त्सोसन : उठलेल्या गावातली आपली माणसं

आज जाऊया जर्मनीतल्या एका छोट्या गावी.

बर्लिनच्या दक्षिणेला त्सोसन आहे. आजूबाजूला पाइनची जंगलं आणि व्यून्सडॉर्फसारखी खेडी. जमीन रेताड. १८७५ मध्ये प्रशियाच्या सैन्याने इथे स्वतःची रेल्वे आणली. पुढे सरावाची मैदानं आली आणि त्यांच्यासाठी त्सेरेन्सडॉर्फ हे खेडं उठवलं गेलं. धरणात गेलेली गावं आपल्याला ठाऊक आहेत. हे गाव लष्करी सरावात गेलं.

पहिल्या महायुद्धात व्यून्सडॉर्फला 'अर्धचंद्र छावणी' उभी राहिली. इंग्रज-फ्रेंचांच्या फौजांतले मुसलमान कैदी फोडून आपल्या मित्राच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या बाजूने लढवायचे, असा जर्मनांचा बेत होता. त्यासाठी १९१५ मध्ये छावणीत लाकडी मशीद बांधली. जर्मनीत नमाजासाठी बांधलेली ती पहिली मशीद. हिंदुस्थानी कैद्यांत शीख, हिंदू, गुरखेही होते. त्यांच्यासाठी 'हिंदोस्तान' हे पत्र हिंदी-उर्दूत छापलं जाई. बर्लिनमधले आपले क्रांतिकारकही त्यांना इंग्रजांविरुद्ध उभं करू पाहत होते. हिंदुस्थानी शिपायांत या प्रयत्नांना फारसं यश आलं नाही.

त्या शिपायांना काय हवं होतं? जर्मन अभ्यासकांनी भाषांच्या नमुन्यासाठी कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्लसिंग हा पंजाबी शिपाई बोलला. स्वतःचीच गोष्ट, पण 'एक माणूस होता' अशी : गावी लोणी खायचा, इंग्रजांच्या नोकरीत गेला, युद्धात अडकला, आता घरी जायचंय. ही तबकडी बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आजही जपलेली आहे.

अनेकजण घरी पोहोचलेच नाहीत. आजारपणाने गेलेल्या २०६ भारतीयांची दफनभूमी त्याच उठलेल्या त्सेरेन्सडॉर्फमध्ये आहे. पुढे व्यून्सडॉर्फला हिटलरच्या भूदलाचं मुख्यालय आलं, मग सोव्हिएत फौजांचं. दफनभूमी बंद लष्करी हद्दीत अडकली आणि तिची दुरवस्था झाली. १९९४ मध्ये रशियन फौजा परतल्या. त्यानंतर तिची दुरुस्ती झाली.

लष्करात आम्ही लढाया तारखांनिशी पाठ करतो. कैदेत खोकत मेलेल्या शिपायाची तारीख कुणी पाठ करत नाही. तो पळाला नव्हता, फितूरही झाला नव्हता. गणवेशातच संपला. माझ्या लेखी त्यालाही तीच सलामी.

बर्लिनला गेलात तर रेल्वेने व्यून्सडॉर्फपर्यंत जा आणि तिथून या दफनभूमीकडे वळा. थांबून नावं वाचा.

जय हिंद.